भाच्याच्या रेघा, लंबवर्तुळं आणि खोके: तपासणीच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

भाच्याची पहिली खेप आली. व्हॉट्सअ‍ॅपवर चार पानांचे फोटो आणि खाली एक ओळ: "मावशी, खरं ते सांग, गोड बोलू नकोस."

सांगलीला त्याचं फर्निचरचं वर्कशॉप आहे. माप आणि जोडकाम यात तो कुणाला ऐकणार नाही, पण कपाट कसं दिसेल हे गिऱ्हाइकाला कागदावर काढून दाखवता येत नाही. कॉम्प्युटरवर थ्रीडी करून देणारा एक मुलगा आहे, तो दोन दिवस घेतो. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं फार तर चहा संपेपर्यंत. तेवढ्या वेळात हाताने काढता यायला हवं, एवढीच त्याची मागणी.

ठरलं ते असं: त्याने रोज अर्धा तास बसायचं, रविवारी पानं पाठवायची, मी तपासायची. चित्र काढताना पट्टी नाही, खोडरबर नाही. झेरॉक्सचा साधा ए-फोर कागद आणि ०.५ चं काळं फाइनलायनर. बॉलपेनने काही बिघडत नाही, पण ते दाब बदलला की फिकं-गडद होतं आणि मध्येच शाईची गाठ टाकतं. मग हात डगमगला की पेन, तेच कळत नाही. पेन्सिल मात्र मुद्दाम नको म्हटलं. पेन्सिल हातात आली की माणूस रेघ ओढतच नाही, बारीक बारीक काड्या एकीला एक जोडत जातो. आणि नंतर खोडू म्हणतो.

पहिला सराव: पट्टीने एक रेघ आखायची आणि तिच्यावरूनच हाताने आठ वेळा जायचं. माझा शेरा: रेघ संपते त्या टोकाला फाटे फुटलेत, ते चालेल, हात वळणावर येईपर्यंत फुटणारच. पण सुरुवातीच्या टोकालाही फुटलेत. म्हणजे पेन टेकवायची घाई. टोक नेमकं ठेव, क्षणभर थांब, मग सोड.

मोठी चूक मधली. सगळ्या रेघा थरथरतात. फार हळू काढतो आहे, दर अर्ध्या सेंटिमीटरला डोळा चूक धरतो आणि मनगट ती सुधारायला धावतं. फोनवर विचारलं, रंधा मारताना मनगट हलवतोस का?

"मनगटानं रंधा मारला तर फळीला खड्डे पडतील."

म्हटलं, मग रेघेला का पडलेत ते तूच सांगितलंस. खांदा हलव, मनगट बांधून ठेव, वेग धर. चुकीच्या जागी गेली तरी चालेल, पण एका दमात जाऊ दे.

आणि फोटो तिरके घेऊ नकोस. तिरक्या फोटोत समांतर रेघा आपोआप जवळ येतात. पुढे खोके आले की चूक तुझी की फोनची, यातच माझा रविवार जायचा. पान जमिनीवर ठेव, स्टुलावर उभा राहा आणि वरून सरळ घे.

११ जून, बुधवार

मधल्या वारी सहा पानं पाठवली. रोज दोनच कर, असं कळवलं. तिसऱ्या पानावर हात शिकत नाही, नुसता दमतो.

१५ जून, रविवार

दोन ठिपके ठेवायचे, पेन न टेकवता हवेतून त्या वाटेने दोन-तीनदा जाऊन यायचं आणि मग एकदाच रेघ ओढायची. थरथर जवळजवळ गेली. आता दोन नवे प्रश्न.

एक, रेघ दुसऱ्या ठिपक्याला चुकवून बाजूने जाते. कारण बघायला ताईला व्हिडिओ काढायला सांगितला. हा पेनाच्या टोकाकडे बघत बघत निघतो आणि ठिपका जवळ आला की दचकून वळतो. त्याला म्हटलं, उद्या सकाळी दारात आई ठिपक्यांची रांगोळी काढेल तेव्हा तिच्या डोळ्यांकडे बघ, बोटांकडे नको. ताई चिमटीकडे बघतच नाही. नजर पुढच्या ठिपक्यावर असते, हात मागून येतो. संध्याकाळी त्याचा मेसेज: "खरंय. आईला विचारलं तर तिलाच माहीत नव्हतं." विचारल्यावर ताईची त्या दिवशीची रांगोळी बिघडली म्हणे.

दोन, लांब रेघांना बाक आहे आणि सगळ्यांना एकाच बाजूला. हा कोपराचा गुण. कोपर टेकवलं की हात कंपाससारखा फिरतो. बाक दिसत नाही म्हणाला. फळीचा बाक कसा बघतोस? एक डोळा मिटून कडेवरून. मग पान तसंच डोळ्याच्या पातळीला धर आणि रेघेच्या टोकाकडून बघ. पाच मिनिटांत त्याने बावीस वाकड्या रेघा स्वतःच लाल करून पाठवल्या. खांदा सुटेपर्यंत तोडगा: उलट्या बाजूला किंचित बाक द्यायचा आहे अशा बेताने काढ, सरळ येईल.

त्याच्या हाताला बरंच काही आधीच येतं. फक्त हे तेच काम आहे, हे हाताला सांगावं लागतं.

२२ जून, रविवार

चौकटी आणि त्यांच्यात लंबवर्तुळं. चौकट हवी तशी तिरकी काढायची, कर्ण काढून मध्य शोधायचा आणि चारही बाजूंना टेकेल असं लंबवर्तुळ बसवायचं.

बसवण्याच्या नादात आकार गेला. चारही बाजूंना टेकायचं म्हणून काही ठिकाणी टोकं निघाली आहेत, होडीसारखी. काही ठिकाणी बाजू सपाट, साबणाच्या वडीसारख्या. चौकटीला टेकणं दुय्यम, आधी ते लंबवर्तुळ दिसायला हवं. टोक कुठेही नको, सपाटी कुठेही नको, दोन्ही अर्धे सारखे.

एकाच फेऱ्यात काढतो आहे, त्यामुळे सुरुवात आणि शेवट जुळवायला जिथे थांबतो तिथे कोपरा येतो. पेन न उचलता दोन फेरे मार, असं लिहिलं. तीनच्या वर नको, नाहीतर तारेची गुंडाळी होते आणि चूक त्यात लपते.

२९ जून, रविवार

या आठवड्यात त्याच्या पानाशेजारी माझं एक पान ठेवायचं ठरवलं होतं, नमुना म्हणून. पाठवलं नाही.

१९९१ ला मी नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात ट्रेसर म्हणून लागले, म्हणजे आराखड्यांच्या शाईने नकला काढणारी. पुढे पंपांच्या सुट्या भागांची पुस्तकं आम्ही करायचो: एकेक भाग अक्षावर सुटा करून मांडलेला, प्रत्येकाला नंबर. गेटवेचा ट्रेसिंग पेपर, रॉटरिंगची शाईची पेनं, चूक झाली तर ब्लेडने हलकेच खरवडायचं. सगळं काम आयसोमेट्रिक. आडव्या कडा ३० अंशांत, उभ्या उभ्या, मागची कड पुढच्या कडेइतकीच लांब. वर्तुळ आलं की खोक्यातून टेम्प्लेट काढायचं, लंबवर्तुळाची भोकं पाडलेली पट्टी, आणि भोकातून पेन फिरवायचं. आयसोमेट्रिकमध्ये वर्तुळाचं लंबवर्तुळ होतं ते कायम ३५ अंश १६ मिनिटांचं. म्हणजे आखूड अक्ष लांब अक्षाच्या ०.५८ पट. लहान-मोठं होईल, पण तोंडवळा बदलत नाही.

आज भाच्यासाठी मी हाताने वीस लंबवर्तुळं काढली. गुळगुळीत आली, टोक नाही, सपाटी नाही, मनातल्या मनात खूश झाले. मग चष्मा लावून बघितलं. अरुंद चौकट असो की जवळजवळ चौरस, वीसच्या वीस एकाच गोलाईची, ०.५८ ची. चौकटीला न जुमानता हाताने टेम्प्लेटच काढलं होतं.

माझं पान फाडलं. त्याला सांगितलं की या आठवड्यात गोलाई बदलत जा: एका ओळीत डावीकडे जवळजवळ रेघ, उजवीकडे जवळजवळ वर्तुळ आणि मधे पायऱ्या. हा सराव मीही करते आहे, हे सांगितलं नाही.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

खिचडी खाल्ल्यावर पानं उघडली. त्याला स्वयंपाकघरातली गोल भांडी काढायला सांगितलं होतं. पेले आहेत, तांब्या आहे, एक पातेलं.

प्रत्येक पेल्याचं तोंड छान गोल, आणि तळ? पट्टीने आखल्यासारखा सरळ. का रे? "तळ सपाट असतो ना, मावशी. नाहीतर पेला डुलेल."

हेच. तो सुतार आहे, खालची बाजू टेबलावर बसायलाच हवी. पण इथे डोळ्याला काय दिसतं त्याचा प्रश्न आहे. पेला हातात घेऊन डोळ्यासमोर आणायला लावला. तोंड डोळ्याच्या पातळीला आलं की त्याची नुसती रेघ होते. मग सावकाश खाली ने. तोंड उघडत जातं, आणि तळ डोळ्यापासून त्याहून खाली, म्हणून तो तोंडापेक्षा जास्त उघडतो. म्हणजे तळाचं लंबवर्तुळ तोंडापेक्षा जास्त गोल हवं. फोनवर बराच वेळ शांतता, मग "आयला." काचेच्या पेल्यात हे आरपार दिसतं. स्टीलच्या पेल्यात मागचा अर्धा मनाने पूर्ण करावा लागतो, तो पूर्ण करायची सवय लाव.

पातेल्यात वेगळीच गंमत. कुठेतरी त्याने वाचलं की वर्तुळाचा जवळचा अर्धा मोठा दिसतो, म्हणून पातेल्याचं तोंड अंड्यासारखं काढलं, पुढे फुगीर, मागे निमुळतं. जवळचा अर्धा मोठा दिसतो हे खरं, पण तरी बाहेरची कड नेमकं लंबवर्तुळच असते, दोन्हीकडे सारखी. सरकतो तो वर्तुळाचा मध्य: तो लंबवर्तुळाच्या मध्याच्या थोडा मागे जातो. चौकटीत कर्ण काढून बघ म्हटलं, दिसेल.

वाईट वाटून घेऊ नकोस, असंही लिहिलं. अल्ब्रेख्त ड्यूररसारख्या नावाजलेल्या जर्मन चित्रकाराने १५२५ साली छापलेल्या भूमितीच्या ग्रंथात हीच चूक केली आहे. शंकू तिरका कापला की लंबवर्तुळ मिळतं. ड्यूररने ते अंड्यासारखं काढलं, कारण शंकू खाली रुंद होतो, मग छेदही खाली रुंद हवा असं त्याला बहुधा वाटलं. बिंदू न् बिंदू मापून काढलं आणि तरी अंडं आलं.

१३ जुलै, रविवार

खोके सुरू. पहिले वीस.

पद्धत: सर्वांत जवळचा कोपरा धरून तीन कडा काढायच्या. तीन बाजू दिसणारा खोका असेल तर या कडांमधले तिन्ही कोन काटकोनापेक्षा मोठे हवेत. त्याच्या नऊ खोक्यांत एक कोन चक्क ९० अंशांचा. विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. "कोपरा गुण्यात असतो." गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार, त्याच्या डोक्यातून जाता जात नाही. हाताने जे येतं ते त्याला इथे उपयोगी पडतं, आणि खोक्याबद्दल जे पक्कं माहीत आहे तेच आडवं येतं. बारा कडा, समोरासमोरच्या सारख्या, सगळे कोपरे काटकोनात. कागदावर यातलं काहीही खरं नसतं.

तपासणीची रीत शिकवली. बारा कडांचे चार-चारचे तीन गट. एक लाल, एक निळा, एक हिरवा बॉलपेन. प्रत्येक गटाच्या चारही कडा आपल्यापासून दूर जाणाऱ्या दिशेने पट्टीने लांब वाढवायच्या (पट्टी इथे चालते, चित्र झाल्यावर). चारही हळूहळू एकत्र यायला हव्यात. वीसपैकी तेरा खोक्यांत एखादी तरी रेघ उलट फाकते. ते खोके मागे मोठे होत जातात, तोंड उघडं टाकलेल्या पोत्यासारखे. प्रत्येकाशेजारी कोणती कड दोषी ते लिहून पाठवलं.

खोका क्र. १७ चा मागचा भाग फारच लहान, रेघा फार वेगाने मिटतात. शेरा: "इतकं नको. खोका खेचल्यासारखा दिसतो."

२० जुलै, रविवार

१७ नंबरच्या शेऱ्यावर भाच्याने प्रत्युत्तर पाठवलं. दरवाजे न लावलेल्या कपाटाचा सांगाडा, दोन फूट खोल, आणि बरोबर सहा फुटांवरून समोरून घेतलेला फोटो. फोटोवर पट्टी ठेवून माप लिहिलंय: पुढच्या चौकटीची उंची ८ सेंटिमीटर, आत मागच्या प्लायची ६. खाली: "मावशी, तू म्हणालीस तसं दिसत नाही."

कागदावर मांडून बघितलं. डोळ्यापासून पुढची कड ६ फुटांवर, मागची ६ अधिक २, म्हणजे ८ वर. दिसणारी उंची अंतराच्या व्यस्त प्रमाणात: ६ भागिले ८, पाऊणपट. त्याचं माप चोख. तेच कपाट २० फुटांवरून बघितलं तर २० भागिले २२, म्हणजे ०.९१, मागची कड जेमतेम लहान. बेडरूममध्ये वीस फूट मागे जायला जागा कुणाकडे असते? गिऱ्हाईक सहा फुटांवरच उभं राहणार.

म्हणजे १७ नंबर बरोबर होता आणि शेरा चुकीचा. मला "खेचल्यासारखा" वाटला, कारण इतकी वर्षं मी मागची कड पुढच्या कडेइतकीच काढली. लंबवर्तुळांत ०.५८ होतं, तसंच हे. फरक इतकाच की लंबवर्तुळांचं मी फाडून टाकलं होतं, हे त्याच्या वहीत माझ्या अक्षरात लिहून ठेवलंय.

फोन करून सांगितलं की शेरा खोडून टाक. "खोडरबर चालत नाही ना?" म्हणाला. मग काट मार, म्हटलं.

नवा नियम दोघांसाठी: खोका काढण्याआधी शेजारी लिहायचं की तो किती मोठा आणि आपण किती लांब. काडेपेटी हातभर लांब धरली तर तिच्या रेघा जवळजवळ समांतर. काडेपेटीला १७ नंबरसारखा मागचा भाग दिला तर तिचं कपाट होतं.

२७ जुलै, रविवार

पाऊस, तिकडे दोन दिवस लाइट नव्हते. ४१ ते ६३. फाकणारे फक्त चार. शेजारी लिहिलेली अंतरं वाचायला मजा येते: "देव्हारा, ३ फूट", "शूरॅक, बसून", "बायकोचा डबा".

३ ऑगस्ट, रविवार

६४ ते ९०. आता एकच दुखणं उरलं, मागचा लपलेला कोपरा. आरपार काढायचं म्हणजे तिथे तीन कडा येऊन मिळायला हव्यात, आणि त्या मिळत नाहीत. दोन मिळतात, तिसरी बाजूने निघून जाते. तो बिचारा तो कोपराच पुन्हा पुन्हा दुरुस्त करतो आहे.

कोपऱ्यात काही चुकलेलं नाही, असं लिहिलं. पहिल्या तीन कडांपासून प्रत्येक कड दोन-तीन अंश इकडे-तिकडे झाली आणि सगळ्यांची बेरीज शेवटी तिथे जमा झाली. ड्रॉवर बसत नाही तेव्हा ड्रॉवर तासतोस का? "नाही, आधी सांगाडा मापतो." मग इथेही तेच. नवी कड काढण्याआधी हवेतून हात फिरवताना तिच्या गटातल्या आधीच्या सगळ्या कडांकडे बघ, नुसती शेजारची नको. लोक शेजारच्या कडेशी जोडी जमवतात आणि चौथी अनाथ राहते.

८३ नंबर सुरेख. तिन्ही रंग व्यवस्थित मिटतात, लपलेला कोपरा सुईच्या टोकावर. शेरा फक्त "हा".

१० ऑगस्ट, रविवार

पानं नाहीत. गणपती सतरा दिवसांवर, मखरांच्या ऑर्डरी, वर्कशॉप रात्री अकरापर्यंत चालू. काल राखीला ताईकडे आलेल्या भाचीकडून कळलं की चहाच्या बिलांमागे खोके काढलेले सापडतात. ती बिलं मागवली आहेत.

१७ ऑगस्ट, रविवार

बिलं आली. ९१ ते ११२, तेलाच्या डागांसकट. त्यातले सहा फाकतात, घाईतले आहेत. काही लिहिलं नाही.

खरी बातमी फोनवर. गुरुवारी एक जोडपं आलं, मखर हवं, चौथऱ्यावर दोन गोल खांब आणि वर कमान. तो बोलता बोलता काढत गेला. चौथऱ्याचा खोका, त्यावर खांबांची लंबवर्तुळं, मग खांब. बाई म्हणाल्या, चौथरा थोडा उंच करा. याने त्याच चित्रात वाढवून दाखवला. चहा अर्धा राहिला. मग त्यांनी खर्च विचारला, आगाऊ पैसे दिले आणि निघताना कागद घडी घालून पर्समध्ये टाकला.

विचारलं, फोटो काढलास का? नाही.

खांबांची खालची लंबवर्तुळं वरच्यांपेक्षा गोल काढलीस का? मखर टेबलावर, म्हणजे वरची डोळ्याच्या पातळीजवळ येतात, जवळजवळ रेघ व्हायला हवी.

"आठवत नाही गं, मावशी. हात चालला होता."

आज रात्री तेच मखर आठवून काढ आणि पाठव, असं सांगितलं आहे. चौथऱ्याला ११३ नंबर दे.